पाटी विकत घेण्याआधी हिशेब मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तालुक्याच्या गावांत वाढणाऱ्या फास्ट फूडच्या फ्रँचायझींवर, म्हणजे फी भरून कंपनीचं नाव आणि माल घेऊन चालवायच्या दुकानांवर, पानभर मजकूर वाचला. बर्गर, पिझ्झा, मोमो, अमृततुल्य चहा अशा दुकानांमुळे खेड्यातल्या तरुणांना धंदा मिळतो, कंपनी सगळं शिकवते आणि बुडण्याची भीती कमी असते, असा त्याचा सूर होता. त्याच पानाच्या तळाशी फ्रँचायझी देणाऱ्या दोन कंपन्यांच्या जाहिराती होत्या. ज्याचं दुकान बंद पडलं अशा एकाही माणसाचं म्हणणं मात्र त्या पानावर नव्हतं. ते मांडावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, पण आकड्यांशिवाय हा विषय कळत नाही. जमलं तर काटछाट न करता छापावं, ही विनंती.

मी वाशिम जिल्ह्यात, कारंजा ते शेलूबाजार रस्त्यावरच्या एका गावात नाश्त्याचं दुकान चालवते. दुकान सासूबाईंनी टाकलं. भट्टी आमच्या घरचे सांभाळतात, गल्ला आणि वही माझ्याकडे. माझं बी.कॉम. झालं आहे, आणि रोजची विक्री, तेल, गॅस, उधारी वहीत उतरवल्याशिवाय मी दिवा मालवत नाही. सकाळी पोहे-तर्री आणि आलूबोंडा, दुपारनंतर कचोरी, दिवसभर चहा, बाजाराच्या दिवशी जिलेबी. एवढंच आम्ही विकतो.

यांच्या बहिणीचा मुलगा अमरावतीला स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. तिथे काही जमलं नाही म्हणून घरी आला आणि जवळच्याच तालुक्याच्या गावात त्याने एका कंपनीची बर्गर-पिझ्झाची फ्रँचायझी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाही. ठरवायच्या आधी तो आमच्याकडे आला होता. "मामी, कंपनी सगळं देते. मशीन त्यायची, माल त्यायचा, जाहिरात त्यायची. आपल्याले फक्त गल्ल्यावर बसा लागते." फी ३ लाख. मशीन, फ्रीझर, फर्निचर आणि पाटी मिळून ७ लाख. जागेचं डिपॉझिट वेगळं. त्यातले ६ लाख बँकेने दिले. बाकीचे त्याच्या वडिलांनी सोयाबीन-तुरीच्या साठवलेल्या पैशातून आणि माझ्या नणंदेच्या पाटल्या मोडून उभे केले.

काही महिन्यांनी तो दुकानाचे कागद घेऊन आला आणि आम्ही दोघं वही मांडून बसलो. त्याच्या परवानगीने ते आकडे इथे देते. विक्री दिवसाला सरासरी २ हजार, म्हणजे महिन्याला ६० हजार. पाव, टिक्की, चीज, सॉस, डबे हा सगळा माल कंपनीकडूनच घ्यायची अट, आणि त्याचा खर्च विक्रीच्या ५५ टक्के, म्हणजे ३३ हजार. रॉयल्टी, म्हणजे कंपनीचं नाव वापरल्याबद्दल तिला द्यायचा वाटा, ६ टक्के, ३,६०० रुपये. जागेचं भाडं ९ हजार. दोन पोरांचा पगार १६ हजार. फ्रीझर आणि ओव्हनमुळे विजेचं बिल ६ हजारांच्या आसपास. बेरीज ६७,६००. महिन्याला ७,६०० रुपये घरातून घालायचे, आणि त्यावर बँकेचा सुमारे १३ हजारांचा हप्ता.

कंपनीचं म्हणणं असं की विक्रीच कमी पडली. करार करताना दिवसाला साडेचार हजारांचा आकडा तोंडी सांगितला होता. तो आकडा खरा ठरला असता तर काय झालं असतं, तेही आम्ही मांडून पाहिलं. महिन्याची विक्री १ लाख ३५ हजार. माल ७४,२५०, रॉयल्टी ८,१००, भाडं-पगार-वीज ३१ हजार. उरले २१,६५०. त्यातून हप्ता गेला की मालकाच्या हातात ८,६५०. काउंटरमागे उभ्या असलेल्या पोराला तो ८ हजार पगार देत होता. सगळी भाकितं खरी ठरली असती तरी दहा लाख घालून त्याला नोकराएवढीच कमाई झाली असती. हे गणित पाचवीतल्या मुलाला येईल, पण पैसे भरायच्या आधी ते त्याच्यासमोर कोणी मांडलं नाही. बँकेनेही मशीनचं कोटेशन मागितलं, हे नाही मागितलं.

यातली रॉयल्टी नीट समजून घ्यायला हवी. ती नफ्यावर नसते, विक्रीवर असते. शेतीतल्या माणसाला सांगायचं तर ही अशी बटई आहे, जिच्यात जमीनमालक बियाणं, खत, फवारणी कशातच वाटा देत नाही आणि खळ्यावरून आपला हिस्सा सगळ्यात आधी उचलून नेतो. भाच्याला ७,६०० चा तोटा झाला त्या महिन्यातही कंपनीला ३,६०० मिळालेच, आणि ३३ हजारांच्या मालावरचा तिचा नफा वेगळा.

मग कंपनीने योजना काढली. १०० चा बर्गर ४९ ला. गर्दी झाली, फोटो निघाले. विक्री वाढली म्हणून रॉयल्टी वाढली, माल जास्त गेला म्हणून कंपनीचा त्यावरचा नफाही वाढला. प्रत्येक बर्गरमागे जो तोटा होता तो भाच्याच्या गल्ल्यातून गेला. अशी भांडणं अमेरिकेतही झालेली आहेत. सबवे या सँडविचच्या कंपनीने २००८ मध्ये पाच डॉलरला फूटभर सँडविच अशी योजना देशभर चालवली. २०१७ च्या अखेरीला जवळपास त्याच भावाची योजना पुन्हा आणायचं ठरलं, तेव्हा शेकडो दुकानमालकांनी सह्या करून विरोध केला. स्वस्त विकून आमच्या पदरात काही पडत नाही, हेच त्यांचं म्हणणं होतं. कंपनीला विक्री मोठी हवी असते, दुकानदाराला उरलेले पैसे हवे असतात. या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एका दिशेने जात नाहीत.

भाच्याला त्यानंतरचा धक्का बसला तो शेजारच्या तालुक्यातून. वीस-पंचवीस किलोमीटरवर त्याच कंपनीने दुसऱ्याला फ्रँचायझी दिली. मोटारसायकलवर येणारी तिकडची पोरं यायची बंद झाली. करारात 'परिसर' असा शब्द होता, किलोमीटर लिहिलेले नव्हते. सबवेची अमेरिकेतली दुकानं २०१५ च्या सुमारास २७ हजारांवर गेली होती, २०२४ पर्यंत ती २० हजारांच्या खाली आली. इतकी दुकानं बंद होण्याची कारणं अनेक आहेत, पण एकाच्या गिऱ्हाइकात दुसरा वाटेकरी बसवला, ही तक्रार तिथले मालक वर्षानुवर्षं करत होते. दोन दुकानांची मिळून विक्री थोडी जरी वाढली तरी वरच्याला फायदा होतो. खालच्या दोघांचं प्रत्येकी अर्धं होतं.

आता पुरवणीत ज्यांची नावं घेऊन तरुणांना भुरळ घातली जाते, त्या मोठ्या कंपन्यांकडे पाहा. डॉमिनोज आपल्या देशात १९९६ मध्ये आली आणि आज तिची २ हजारांहून जास्त दुकानं आहेत. ही दुकानं ज्युबिलंट फूडवर्क्स ही एकच कंपनी स्वतःच्या पैशाने चालवते, गावोगावच्या तरुणांना वाटून देत नाही. मॅकडोनाल्ड्सचंही पहिलं दुकान १९९६ मध्येच दिल्लीला उघडलं. पश्चिम आणि दक्षिण भारतातली तिची दुकानं वेस्टलाइफ ही कंपनी स्वतः चालवते. म्हणजे भारतात जे सगळ्यात मोठे झाले ते पिझ्झा आणि बर्गर विकून मोठे झाले. दुकान तोट्यात गेलं तर तोटा त्यांचा असतो, म्हणून जागा निवडताना ते दहा वेळा विचार करतात. आमच्या तालुक्यात ते अजून आलेले नाहीत, यालाही तेच कारण असणार. याउलट आमच्याकडे जाहिरात करत येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची कमाई फी आणि मालावर आहे. दुकान चालो न चालो, ३ लाख फी परत करायची नसते. म्हणून माझं तरुणांना सांगणं आहे की कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा: तुमची स्वतःची, तुमच्या पैशाने चालणारी दुकानं किती? आणि तुमच्या उत्पन्नात फीचा वाटा किती?

डॉमिनोज, केएफसी अशा नावांनी खोटी संकेतस्थळं काढून फ्रँचायझी देतो म्हणत लाखो रुपये लुबाडल्याच्या पोलीस तक्रारी देशभर झालेल्या आहेत. ती उघड फसवणूक आहे, तिला कायदा आहे. मी बोलते आहे ते सही-शिक्क्याच्या खऱ्या कराराबद्दल, जिथे फसवलं असं म्हणताही येत नाही.

अमेरिकेत यासाठी १९७९ पासून नियम आहे. फ्रँचायझी विकणाऱ्याला एक माहितीपत्रक लेखी द्यावं लागतं, आणि ते दिल्यावर निदान १४ दिवस जाईपर्यंत सही घेता येत नाही की पैसे घेता येत नाहीत. कंपनीवर किती खटले आहेत, गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद पडली, सध्याच्या आणि सोडून गेलेल्या दुकानदारांशी संपर्क कसा करायचा, हे सगळं त्यात असतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. १८७२ च्या करार कायद्यावर सगळं चालतं. सही केली, म्हणजे तुम्ही सगळं समजून केली, असं धरतात. इंग्रजीतल्या तीस-चाळीस पानांच्या करारावर आमच्याकडचा पोरगा नागपूरच्या हॉटेलात चहा पिता पिता सही करतो.

शहरातल्या माणसाने आखलेला तक्ता आमच्या गावाला का लागू पडत नाही, तेही सांगते. त्या तक्त्यात बारा महिने सारखे असतात. आमच्याकडे पैसा पिकाबरोबर येतो. दसरा-दिवाळीला सोयाबीन निघतं, दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत कापूस येत राहतो, मग तूर, मग हरभरा. तेवढे महिने लोक हात सैल सोडतात. जून ते ऑगस्ट सगळा पैसा बियाण्यात, खतात, निंदण-फवारणीत अडकलेला असतो. तेव्हा चहाही उधारीवर जातो आणि पोळ्याच्या बाजारापर्यंत वही भरत जाते. आठवड्यातही तसंच. बाजाराच्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाकडं रिकामं असतं. भाडं, हप्ता आणि पगार मात्र तारखेला लागतात. त्यात फ्रीझरमधली टिक्की. पावसाळ्यात वादळवाऱ्याने लाइन गेली की रात्र रात्र येत नाही. माल मऊ पडला की फेकावा लागतो, आणि तो बदलून देण्याची तरतूद करारात नसते. माझ्या आलूबोंड्याचे आलू टोपलीत असतात. लाइन गेली तर ते काही खराब होत नाहीत.

मी मोठ्या कंपन्यांच्या विरोधात नाही. बंगळुरूला १९९५ मध्ये केएफसीचं पहिलं दुकान निघालं आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रा. एम. डी. नंजुंडस्वामींच्या कर्नाटक राज्य रयत संघ या शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्याची तोडफोड केली. शेतकऱ्याची त्यामागची भीती मला कळते. पण तोडफोडीने काही थांबलं नाही, केएफसी देशभर पसरली. माझं मत वेगळं आहे. या कंपन्यांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते शिकायला कोणाला फी द्यावी लागत नाही.

१९४८ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला मॅकडोनाल्ड नावाच्या दोन भावांचं हॉटेल चांगलं चाललं होतं. त्यांनी ते बंद करून पुन्हा उघडलं आणि पदार्थांची लांबलचक यादी कापून नऊवर आणली. हॅम्बर्गर १५ सेंटला ठेवला. कोणी काय करायचं, कुठे उभं राहायचं हे ठरवून दिलं. पदार्थ थोडे, माप एक, हात लवकर चालणारे, आणि भाव सामान्य माणसाच्या आवाक्यात. जगभर पसरलेल्या त्या धंद्याचं मूळ एवढंच आहे. आणि आमच्याकडचे दुकानदार काय करतात? चौकात बर्गरचं दुकान आलं की दुसऱ्या आठवड्यात नाश्त्याच्या दुकानावर 'येथे बर्गर, पिझ्झा, चाऊमीन, मंचुरियन, मोमो मिळेल' असा फ्लेक्स लागतो. पोहे करणाऱ्या बाईला मंचुरियन करायला लावायचं, माल उरवायचा, वास येईपर्यंत ठेवायचा. मोठ्याशी स्पर्धा करताना त्याने जे टाकून दिलं तेच आम्ही उचलतो.

शाळा सुटली की पोरं आमच्याकडेही विचारतात, "काकू, बर्गर भेटते काय?" मी सांगते, "नाही बाबू, गरम आलूबोंडा आहे, तर्री टाकून देते." बसतात, खातात. प्लेट हातात पडायला मिनिटही लागत नाही. आमचं खाणं फास्टच आहे. त्यासाठी मशीन लागत नाही, सकाळी चारला उठावं लागतं.

भावाचंही तसंच. २००४ मध्ये मॅकडोनाल्ड्सने आपल्याकडे २० रुपयांत खाण्याची यादी काढली. मॅकआलू टिक्की त्यातलीच. बर्गर म्हणजे श्रीमंतांचं खाणं असं वाटणारी कॉलेजची मुलं आत यायला लागली. स्वस्त वस्तूने माणूस आत येतो आणि थंड पेयावर, फ्राइजवर दुकानाचं भागतं. हे त्यांना परवडलं, कारण तयारी आधीची होती. दुकान उघडण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी आलू कुठे पिकवायचे, पाव कोण भाजेल, थंड गाड्या कोणाच्या, हे बसवलं होतं. गुजरातेत मेहसाण्याकडे त्यांना आलूचा तयार माल पुरवणाऱ्या मॅककेन कंपनीच्या कारखान्यासाठी शेतकऱ्यांशी आधी भाव ठरवून आलू पिकवून घेतले जातात. आलूचा बाजारभाव चढला म्हणून त्यांची टिक्की दुसऱ्या दिवशी महाग होत नाही.

आमचं नेमकं इथे अडतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, आणि पंधरा किलोच्या पिप्याचा भाव बघता बघता चढला. मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणलं. मधले महिने आम्ही आजचा पिपा आजच्या भावाने घेऊन कचोरी जुन्या भावाने विकली, कारण गावात रुपया-दोन रुपये वाढवले तरी गिऱ्हाईक नाराज होतं. त्याच दिवाळीला आमच्या वावरातलं सोयाबीन ४,८९२ रुपये हमीभाव असताना त्याहून कितीतरी कमी भावात व्यापाऱ्याला द्यावं लागलं. तेल महाग आणि तेलबी स्वस्त, ही दोन्ही टोकं एकाच घरात पाहिली आहेत.

म्हणून रस्त्यावरच्या चार-पाच दुकानदारांनी मिळून आम्ही एक गोष्ट सुरू केली आहे. तर्रीचा हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघाला की थेट शेतकऱ्याकडून वर्षभराचा एकदम घेतो, बाजार समितीत आलेल्या भावाने, रोख. छत्तीसगडहून येणारी पोह्यांची पोती आणि तेलाचे पिपे एकत्र मागवतो. तर्रीचा मसाला गावातल्या बचत गटाच्या बाया एकाच मापाने कुटून देतात, त्यामुळे सोमवारची तर्री आणि शुक्रवारची तर्री वेगळी लागत नाही. यात नवं काही नाही. सबवेच्याच अमेरिकेतल्या दुकानमालकांनी १९९६ मध्ये माल एकत्र घेण्यासाठी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि ती आजही आहे. सहकाराच्या महाराष्ट्रात नाश्तावाल्यांची अशी एकही संस्था माझ्या पाहण्यात नाही. रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, पण तो शहरांपुरता. ग्रामपंचायत हद्दीतल्या हातगाडीवाल्याला तोही लागू नाही.

आमच्या धंद्यातल्या वाईट गोष्टीही मला झाकायच्या नाहीत. तेल काळं होईपर्यंत वापरणारे आहेत. २०१८ पासून तळणाच्या तेलाला मर्यादा ठरलेली आहे, त्यातले खराब घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही, पण ते मोजणारं यंत्र आमच्या भागात कोणाकडे पाहिलं नाही. भजी अजून वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देतात. छपाईची शाई पोटात जाते म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते बंद करायला सांगितलं आहे. आपण छापणारे आहात, आपण एक चौकट टाकलीत तर आमच्यापेक्षा लोक आपलं जास्त ऐकतील. प्यायच्या पाण्याची टाकी, हात धुवायची जागा, बायांसाठी आडोसा, यात मोठी दुकानं आमच्या फार पुढे आहेत आणि गिऱ्हाईक तिकडे जातं त्याचं निम्मं कारण ते आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून आमच्या थांब्यावर उतरणाऱ्या बाया वाढल्या आहेत. पूर्वी त्या दुकानाबाहेर उभं राहून लेकरासाठी पुडी बांधून न्यायच्या. आम्ही एका बाजूला पडदा लावून बाकडं टाकलं आणि वॉश बेसिन बसवलं, आता त्या बसून खातात. आमच्या विक्रीत या बायांनी जी भर घातली ती कोणत्याही नव्या पदार्थाने घातली नसती.

ही भर पडली म्हणून आम्ही टिकलो, कारण डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि आमच्या जुन्या रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे वळल्या. जून २०२५ पासून तर तो पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू आहे. रात्रीचे ट्रकवाले गेले. ढाबे बंद झाले, त्यांच्या जागी काही ठिकाणी बर्गरच्या पाट्या लागल्या, त्याही पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकल्या नाहीत. ज्या रस्त्यावरून गिऱ्हाईकच निघून गेलं तिथे पाटी बदलून काय होणार? राहिलेलं गिऱ्हाईक कोण आहे ते आधी पाहावं लागतं. आमच्याकडे ते शाळेची पोरं, एसटीचे प्रवासी, कारंज्याला गुरुमंदिरात जाणारे भाविक आणि मजूर हे आहे. भाविकाला सकाळी बर्गर नको असतो. मजुराला वीस-तीस रुपयांत पोटाला आधार हवा असतो.

स्वतःच्या पदार्थावर मोठं होता येतं याचं उदाहरण नागपुरातच आहे. बिकानेरहून आलेल्या हल्दीरामच्या कुटुंबाने नागपुरात शेव, चिवडा आणि संत्रा बर्फी विकली. २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने त्यांच्या धंद्यातला सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. सगळे हल्दीराम होणार नाहीत, मलाही व्हायचं नाही. पण आमच्या तरुणाने दहा लाख घालायचेच असतील, तर ते फीमध्ये न घालवता चांगली भट्टी, स्टीलची भांडी, पाण्याचं फिल्टर आणि वर्षभराचा कच्चा माल यात घालावेत असं मला मनापासून वाटतं. दुकान नाही चाललं तरी भांडी आणि हरभरा विकता येतो. भाच्याचं दुकान बंद झाल्यावर कंपनीच्या रंगाचं फर्निचर कोणी घेईना. फ्रीझर निम्म्याहून कमी भावात गेला. तो आता अमरावतीला औषधांच्या एका एजन्सीत नोकरी करतो आणि पगारातून हप्ते भरतो. नणंदेच्या पाटल्या काही परत आल्या नाहीत.

आपल्याकडून माझ्या दोन अपेक्षा आहेत. फ्रँचायझीवर पुन्हा लिहाल तेव्हा विदर्भातल्या दोन-तीन तालुक्यांत बातमीदार पाठवा आणि गेल्या काही वर्षांत निघालेली अशी दुकानं आज चालू आहेत का, हे दारात जाऊन पाहायला सांगा. चालू असलेल्यांचंही छापा, बंद पडलेल्यांचंही छापा. आणि जाहिरातीत 'हमखास उत्पन्न' असे शब्द असतील तर त्या कंपनीकडून बंद पडलेल्या दुकानांचा आकडा मागा. देत नसेल तर तसं छापा.

सरकारकडे कायद्याची मागणी आमदार-खासदारांनी करावी, पण तोवर एक काम जिल्हा उद्योग केंद्र आणि बँका आजही करू शकतात. मुद्रा किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून फ्रँचायझीसाठी कर्ज मागायला पोरगा आला, की त्याच्याकडून तीन कागद घ्यावेत. कंपनीची गेल्या तीन वर्षांत बंद पडलेली दुकानं किती याचं लेखी उत्तर, कराराचा मराठी तर्जुमा, आणि शेजारचं दुकान किती किलोमीटरच्या आत देणार नाही याची हमी. कंपनी हे द्यायला तयार नसेल तर पोराला तिथूनच परत पाठवावं. माझ्या नणंदेच्या घरी हा प्रश्न बँकेच्या टेबलावर एकदा जरी विचारला गेला असता, तरी पुरे होतं.

ज्या मुलांनी करार केला आहे पण अजून पैसे भरलेले नाहीत, त्यांनी आपले आकडे घेऊन आमच्या दुकानावर यावं. दुपारी दोन ते चार गर्दी नसते. वही माझ्याकडे आहे, हिशेब मांडून देईन.

आपली वाचक,
नाश्ता सेंटरची चालक
ता. कारंजा (लाड), जि. वाशिम
(नाव व पत्ता संपादकांसाठी वेगळा जोडला आहे. कृपया छापू नये.)